पार्ट नंबर आणि रिव्हिजन: अवजार कारखानदारांचे नेहमीचे प्रश्न

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पट्ट्यातल्या काही वर्कशॉपचं ड्रॉइंगचं काम माझ्याकडे असतं. कल्टिव्हेटर, पेरणी यंत्र, डवरणीची अवजारं, एखादवेळी दाल मिलचे सुटे भाग. थ्रीडी मॉडेल बनवणं पोरं आता शिकूनच येतात. घोळ होतो तो त्यानंतर, नंबरात आणि रिव्हिजनमध्ये. तेच प्रश्न फोनवर दहादा सांगून झाले, म्हणून एकदाचे लिहून काढले. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेकांकडे सॉलिडवर्क्स आहे, काहींकडे इन्व्हेंटर, दोघा-तिघांकडे अजून नुसतं ऑटोकॅड. मेनूची नावं वेगळी असतील, नियम सगळीकडे हेच.

पार्ट नंबर, रिव्हिजन आणि व्हर्जन यांत फरक काय?

सातबारा डोळ्यासमोर आणा. गट नंबर म्हणजे पार्ट नंबर. जमीन बापाकडून मुलाकडे गेली, बोजा चढला, बोजा उतरला, तरी गट नंबर तोच राहतो. बदलतात ते फेरफार. प्रत्येक फेरफाराला तारीख असते, कारण असतं, मंजुरी असते. आपल्याकडे त्यालाच रिव्हिजन म्हणतात. आणि जमिनीचे तुकडे पडले की पोटहिस्सा होऊन वेगळा नंबर लागतो, तसा आपल्याकडे नवा पार्ट नंबर लागतो.

व्हर्जन ही तिसरी गोष्ट, आणि सगळ्यात जास्त गोंधळ हिचाच. डेटा मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल बदलून चेक इन केली, म्हणजे परत जमा केली, की व्हर्जन एकानं वाढतं. सकाळी कोपरा गोल केला, दुपारी परत चौकोनी केला, संध्याकाळी भोक सरकवलं, झाली तीन व्हर्जनं. फेरफार मंजूर होईपर्यंत तलाठ्याकडे किती चकरा झाल्या हे जसं उताऱ्यावर येत नाही, तसं व्हर्जन ड्रॉइंगवर येत नाही. एका दात्याची सतरा व्हर्जनं होऊनही रिव्हिजन ‘ए’च असू शकते. वर्कशॉपला, लेझर कटिंगवाल्याला, गिऱ्हाइकाला सांगायची ती फक्त रिव्हिजन.

कोणत्या बदलाला रिव्हिजन वाढवायची आणि कोणत्या बदलाला नवा नंबर घ्यायचा?

सगळा खेळ याच प्रश्नाचा आहे. पुस्तकात नियम तीन शब्दांत असतो: आकार, बसणं आणि काम. या तिन्हींत जुना आणि नवा भाग एकमेकांच्या जागी चालत असतील तर नंबर तोच आणि रिव्हिजन पुढची. चालत नसतील तर नवा नंबर.

मी हे वेगळ्या भाषेत सांगतो. जुने आणि नवे भाग एकाच पेटीत मिसळा. दुकानात लाइट गेली आहे, काउंटरवरच्या पोरानं अंधारात हात घालून जो हाताला लागला तो काढून दिला. शेतकऱ्यानं तो घरी नेऊन लावला. काही अडलं का? नाही अडलं तर रिव्हिजन. अडलं तर नवा नंबर.

माझं स्वतःचं उदाहरण सांगतो. एका नऊ दाती कल्टिव्हेटरच्या पात्याला दोन भोकं होती, दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर ६० मिलिमीटर. दाता मजबूत करताना ते अंतर ६५ केलं, दाता आणि पातं दोन्हीचं. मी दोन्ही ड्रॉइंगं ‘ए’वरून ‘बी’वर नेली आणि झोपलो. नंबर तेच ठेवले. हिवाळाभर कुणाला काही कळलं नाही, कारण नव्या यंत्रावर सगळं नवंच जात होतं. मृगाच्या तोंडावर एक भाऊ मोटरसायकलवर आले, आदल्या वर्षीच्या यंत्राला नऊ पाती घेऊन गेले. काउंटरवाल्यानं यादीत नंबर पाहून दिली. दोन तासांनी फोन: “नंबर तं तोच व्हय म्हनते तुमचा मानूस, मंग भोक काहून जुयून नाही रायलं?” आभाळ भरून आलेलं, पेरणीआधीची पाळी राहिलेली, आणि आमची ‘बी’ पाती त्यांच्या ‘ए’ दात्यावर बसत नव्हती. शेवटी त्यांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून गॅसनं भोकं लांबट करून घेतली. चूक ना काउंटरवाल्याची, ना शेतकऱ्याची. पात्याला आणि दात्याला त्याच दिवशी नवे नंबर द्यायला हवे होते.

तसंच थ्री पॉइंट लिंकेजचं, म्हणजे ट्रॅक्टरला अवजार जोडायच्या तीन टोकांच्या जोडणीचं. कॅटेगरी एकची खालची पिन २२ मिलिमीटरची, कॅटेगरी दोनची २८ची. पिन बदलली की ब्रॅकेटला नवा नंबर, यात चर्चाच नको. उलट रंग बदलला, वेल्डिंगचं चिन्ह राहून गेलं होतं ते टाकलं, टॉलरन्स (मापातली चालणारी सूट) सैल केला, तर रिव्हिजन पुरते.

जाडीचं प्रकरण मात्र सावकाश तपासा. पट्टी १० मिलिमीटरची १२ केली, भोकं तीच. वरवर पाहता रिव्हिजन. पण तिच्यातून जाणारा बोल्ट पुरतो का? नट पूर्ण चढून एक-दोन आटे बाहेर दिसतात का? पुरत असेल तर रिव्हिजन. बोल्ट लांब घ्यावा लागत असेल तर ती पट्टी जुन्या यंत्रावर जुन्या बोल्टनं बसणार नाही, मग नवा नंबर. भाग एकटा पाहू नका, त्याचे शेजारी पाहा.

नवा भाग जुन्या यंत्रावर चालतो, पण जुना नव्यावर चालत नाही. मग?

नवा नंबर. अदलाबदल दोन्ही बाजूंनी जमायला हवी, एका बाजूनं जमून उपयोग नाही. खारपाणपट्ट्यातल्या चिकण काळ्या मातीत जुना दाता वाकतो म्हणून अकरा दातीसाठी जाड दाता केला. जाड दाता नऊ दातीवर खुशाल चालतो, पण जुना दाता अकरा दातीवर गेला की पहिल्याच नांगरटीच्या रानात मान टाकतो. नव्या नंबराच्या कार्डावर, म्हणजे त्याच्या माहितीच्या पानावर, लिहून ठेवा की हा अमुक जुन्या नंबराच्या जागी देता येतो. काउंटरवर तेवढं पुरतं.

आतला एक भाग बदलला तर वरच्या असेंब्लीचीही (भाग जोडून झालेल्या संचाची) रिव्हिजन वाढवायची का?

आतल्या भागाची फक्त रिव्हिजन बदलली असेल तर नाही. असेंब्लीच्या यादीत नंबर असतो आणि तो बदललेला नाही. भागाचा नंबर बदलला तर यादी बदलली, म्हणजे असेंब्लीची रिव्हिजन वाढली. मग तोच अंधारातल्या पेटीचा प्रश्न असेंब्लीला विचारा: ही अख्खी असेंब्ली जुनीच्या जागी चालते का? चालत असेल तर तिथेच थांबा. चालत नसेल तर तिलाही नवा नंबर, आणि एक पायरी वर जाऊन पुन्हा तोच प्रश्न. आमच्या पात्याच्या बाबतीत पातं आणि दाता दोघांनाही नवे नंबर लागले असते, पण दाता आणि पातं जोडलेला अख्खा संच फ्रेमवर जसाच्या तसा बसत होता. म्हणून संचाला फक्त रिव्हिजन, आणि फ्रेमला काहीच नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेअर युज्ड’ नावाचा टॅब असतो. भाग बदलायच्या आधी तो उघडा, नंतर नाही. तुम्हाला वाटतं पट्टी एकाच यंत्रात आहे, आणि यादी निघते चार यंत्रांची.

नंबर पाहूनच भाग कळेल असा नंबर ठेवला तर बरं नाही का?

प्रत्येक मालकाला हे हवं असतं. ‘कल्टि’ म्हणजे कल्टिव्हेटर, पुढे ‘९’ म्हणजे नऊ दाती, पुढे ‘५०’ म्हणजे ५० मिलिमीटरची पट्टी. पहिल्या वर्षी छान चालतं. दुसऱ्या वर्षी तीच पट्टी पेरणी यंत्रातही लागते, आता ‘कल्टि’ खोटं झालं. तिसऱ्या वर्षी ५०ची पट्टी बाजारात मिळेना म्हणून ६५ची घेतली, आता ‘५०’ही खोटं झालं. नंबर बदलावा तर सगळीकडची यादी बदला, न बदलावा तर नवीन पोरगा नंबर वाचून ५०ची पट्टी कापतो. नंबरात भरलेली माहिती ही नंबर देताना खरी असते, पुढची हमी कुणी घेत नाही.

माझं मत सरळ आहे. पाच आकडी, ओळीनं, मुका नंबर. १०००१, १०००२, १०००३. वर्णन हवं तर वर्णनाच्या रकान्यात लिहा, त्यासाठीच तो आहे. फारच जीव अडकला असेल तर पुढे दोन आकडी गट लावा: कापलेली प्लेट, मशीनिंग, विकत घेतलेलं, असेंब्ली. त्यापलीकडे जाऊ नका.

वर्णनात बोलीतलं नावही लिहा. ड्रॉइंगवर ‘ब्लेड’ असतं, आणि गिऱ्हाईक येऊन ‘पास’ मागतं. आमच्या एका मिस्त्रींचं म्हणणं, “मले कायले नंबर सांगता, पातं पाहून समजते मले.” समजतं त्यांना, खरंच समजतं. पण ते रविवारी नसतात.

नंबर १ पासून का सुरू करायचा नाही?

एक्सेलमुळे. ०००४२ असा नंबर टाकला की एक्सेल पुढची शून्यं खाऊन ४२ ठेवतं. नंबरात ‘ई’ अक्षर असलं की आणखी मजा: इंग्रजीत बारा, ई, तीन असं सलग लिहा, एक्सेल त्याला दहाच्या घातात नेऊन १२००० करतं. ‘३-४’ लिहिलं तर त्याची तारीख होते. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवला तर हे टळतं, पण दहातल्या नऊ वेळा कुणीतरी करायचं विसरतं. १०००१ पासून सुरू केलं की शून्याची भानगडच नाही, आणि सगळे नंबर एकाच लांबीचे राहतात.

तिरपी रेघ, प्रश्नचिन्ह, कोलन (:) नंबरात नको. विंडोजमध्ये फाइलच्या नावात ती चालतच नाहीत.

फोनवर नंबर चुकतात, काय करावं?

एकेक आकडा सांगा. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत मराठी माणूसही फसतो, मग बिहारहून आलेल्या वेल्डरचं काय सांगावं. त्याचं ‘उनसठ’ वेगळं आणि आपलं ‘एकोणसाठ’ वेगळं ऐकू येतं. सहा-नऊ म्हणा, संपलं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. नंबर कायम इंग्रजी आकड्यांतच लिहा, खडूनं प्लेटवर लिहायचा असला तरी. मराठी ४ हा घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा. निम्म्या वहीत मराठी आणि निम्म्या वहीत इंग्रजी आकडे असलेलं स्टॉक रजिस्टर मी पाहिलं आहे. त्यातली ४ आणि ८ ची पानं नंतर मालकालाही लावता आली नाहीत.

रिव्हिजनला अक्षरं वापरायची की आकडे?

पहिल्यांदा मंजूर होईपर्यंत आकडे, मंजुरीनंतर अक्षरं. म्हणजे नमुना बनत असताना १, २, ३, आणि यंत्र विकायला लागलो की ए, बी, सी. ड्रॉइंग हातात घेतल्याबरोबर कळतं की हे अजून कच्चं आहे की पक्कं. अमेरिकी ड्रॉइंग मानकात आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही सहा अक्षरं रिव्हिजनला वापरत नाहीत, कारण ती आकड्यांसारखी किंवा एकमेकांसारखी वाचली जातात. ‘वाय’नंतर ‘एए’ येतो. सॉफ्टवेअरमध्ये रिव्हिजनची मालिका ठरवताना ही अक्षरं वगळून टाका. तुमचा एखादा भाग ‘वाय’पर्यंत गेला तर मात्र मालिका सोडा, डिझाइनच तपासा.

रिव्हिजन टेबलात नेमकं काय लिहायचं?

‘चर्चेप्रमाणे बदल’ असं लिहिणाऱ्याचा एक दिवसाचा चहा बंद करावा. कुणाशी चर्चा? कोणता बदल? दोन वर्षांनी तुम्ही स्वतःच ते वाचून डोकं खाजवता.

आधी काय होतं, आता काय आहे, आणि का. एक खरी नोंद दाखवतो: ‘जाडी १० ऐवजी १२. ओल्या चिकण रानात पट्टी वाकल्याच्या तक्रारी. भोकं तीच, ४० लांबीचा बोल्ट पुरतो, तपासलं. गोदामातल्या १०च्या पट्ट्या भंगारात.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महाग असतं. जुन्या मालाचं काय करायचं हे बदलाच्या नोंदीतच ठरलं पाहिजे: वापरून संपवायचा, दुरुस्त करून घ्यायचा की भंगारात. ते ठरलं नाही तर गोदामातला माणूस ठरवतो, आणि तो नेहमी ‘वापरून संपवायचा’ असंच ठरवतो.

सोबत कोणत्या यंत्रापासून बदल लागू झाला तेही लिहा. नेमप्लेटवरचा यंत्राचा क्रमांक सगळ्यात भरवशाचा. तारीखही चालते, पण ड्रॉइंगची तारीख आणि यंत्र बाहेर पडल्याची तारीख यांत दिवाळी निघून जाते.

फाइलच्या नावात रिव्हिजन लिहायची का?

मॉडेल आणि ड्रॉइंगच्या फाइलला नाही. पीडीएफ आणि डीएक्सएफला (कटिंगवाल्याला द्यायची फाइल) हो.

कारण असं. असेंब्ली आतले भाग फाइलच्या नावानं ओळखते. नावात ‘बी’ घातलंत की असेंब्ली जुनं नाव शोधत बसते आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणून ओरडते. नाव बदलायचंच असेल तर सॉलिडवर्क्समधून किंवा डेटा मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधून बदला, विंडोजच्या फोल्डरमधून कधीही नाही. म्हणून मॉडेलचं नाव नुसतं १०४१२. रिव्हिजन आतल्या प्रॉपर्टीत.

पीडीएफ आणि डीएक्सएफ मात्र घराबाहेर पडतात. त्यांच्या कपाळावर नंबर आणि रिव्हिजन दोन्ही हवं.

लेझर कटिंगवाल्यानं जुन्या फाइलवर प्लेटा कापल्या. हे टाळायचं कसं?

तो कापणारच, कारण त्याच्या फोनमध्ये तुमच्या तीन फाइली आहेत आणि तिन्हींचं नाव ‘प्लेट फायनल’ आहे. व्हॉट्सॲपवर तीच फाइल पुन्हा उतरवली की पुढे कंसात एक-दोन लागतं, आणि मग कोणती नवी हे देवालाच ठाऊक. ऑर्डरच्या कागदावर प्रत्येक ओळीत नंबर आणि रिव्हिजन लिहा. कटिंगवाल्याला सांगा की कागद आणि फाइल जुळली नाही तर मशीन चालू करायचं नाही, आधी फोन. पहिल्या एक-दोन वेळा तो वैतागेल.

लेझरवर प्लेट कापता कापताच नंबर हलका कोरता येतो. जरूर कोरून घ्या, पण फक्त पार्ट नंबर, रिव्हिजन नाही. रिव्हिजन बदलली तरी भाग एकमेकांच्या जागी चालतातच, हाच आपला नियम आहे. भागावर ‘ए’ कोरलेलं दिसलं की शेतकरी ‘बी’ घ्यायला तयार होत नाही, आणि त्याला समजावता समजावता दुकान बंद करायची वेळ होते.

एकाच फाइलमध्ये नऊ दाती आणि अकरा दातीच्या कॉन्फिगरेशन (एकाच मॉडेलचे वेगवेगळे प्रकार) ठेवल्या तर?

मॉडेल बनवताना सोयीचं, नंतर डोकेदुखी. सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये, म्हणजे सॉलिडवर्क्सच्या डेटा मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये, रिव्हिजन अख्ख्या फाइलला लागते. प्रत्येक कॉन्फिगरेशनला वेगळा पार्ट नंबर देता येतो, पण अकरा दातीत भोक सरकवलं की न बदललेल्या नऊ दातीचीही रिव्हिजन पुढे सरकते. मग नऊ दातीच्या टेबलात लिहायचं काय, ‘काही बदल नाही’? जे भाग गोदामात वेगळ्या कप्प्यात ठेवता, त्यांच्या फाइली वेगळ्या ठेवा. वॉशर, स्पेसर, पिना असल्या न बदलणाऱ्या कुटुंबाला कॉन्फिगरेशन ठीक आहे.

डाव्या-उजव्या प्लेटांना प्रत्येकी आपला नंबर. ‘आरशातली बाजू’ असं ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहून दोन्ही एकाच नंबरावर काढाल तर दहा डाव्या आणि शून्य उजव्या येतील.

बेअरिंग, बोल्ट यांनाही आपला नंबर द्यायचा? त्यांचा तर असतोच.

द्यायचा. ६२०५ बेअरिंग म्हटलं की आतून २५, बाहेरून ५२, रुंदी १५ हे सगळ्या कंपन्यांचं सारखं. पण सील रबराचं की पत्र्याचं हे मागच्या अक्षरांवर ठरतं, आणि धुळीच्या रानात तोच सगळा फरक आहे. आपला एक नंबर ठेवा आणि त्याच्या कार्डावर चालणाऱ्या दोन-तीन कंपन्यांचे कोड लिहा. उद्या एक कंपनी मिळेना तर कार्ड बदलेल, चाळीस असेंब्ल्या उघडाव्या लागणार नाहीत.

हे सगळं करायला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावंच लागतं का?

आधी घरात काय आहे ते पाहा. सॉलिडवर्क्स प्रोफेशनल किंवा प्रीमियम असेल तर पीडीएम स्टँडर्ड सोबत येतं, आणि कित्येकांनी ते कधी बसवलेलंच नसतं. त्यात वर्कफ्लो एकच करता येतो, पण चार माणसांच्या वर्कशॉपला एकच पुरे: कच्चं, तपासणीत, मंजूर, बंद. इन्व्हेंटरवाल्यांना तसंच व्हॉल्ट बेसिक मिळतं. त्यात चेक आउट आणि व्हर्जन आहे, रिव्हिजन आणि मंजुरीचा टप्पा नाही, त्यासाठी वरची आवृत्ती लागते. ऑनशेप हे थ्रीडी सॉफ्टवेअर ब्राउझरवर चालतं आणि व्हर्जनचा हिशेब स्वतःच ठेवतं, पण त्याच्या फुकट खात्यातली ड्रॉइंगं जगाला उघडी असतात. शेजारच्या तालुक्यातला स्पर्धक जगातच राहतो, हे ध्यानात ठेवा.

एकटाच डिझायनर असेल तर वही आणि तीन फोल्डरांवरही चालतं. माझं पहिलं वर्ष तसंच गेलं. एका जाड वहीत नंबर, वर्णन, तारीख, कुणी घेतला. फोल्डर तीन: ‘काम चालू’, ‘मंजूर’, ‘जुने’. मंजूर फोल्डर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरता. दुसरा माणूस आला की हे मोडतं, कारण दोघं एकच फाइल उघडतात आणि नंतर सेव्ह करणारा जिंकतो. चेक आउट म्हणजे याला घातलेलं कुलूप: एकानं फाइल घेतली की दुसऱ्याला फक्त पाहता येते.

नेट धड नाही, लाइट कधीही जाते. पीडीएम चालेल?

पीडीएम आणि व्हॉल्ट वर्कशॉपमधल्याच सर्व्हरवर बसतात, त्यांना बाहेरचं नेट लागत नाही, आतलं वायरिंग पुरतं. सर्व्हरला यूपीएस मात्र हवाच. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत सर्व्हर ठेवू नका, एवढं वेगळं सांगायला नको होतं, पण पाहिलं आहे म्हणून सांगतो.

बॅकअपमध्ये सगळे एकच चूक करतात. फाइलींचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला की झालं, असं वाटतं. फाइली एका ठिकाणी असतात, आणि त्यांची नावं, रिव्हिजन, कुणी मंजूर केलं हा सगळा हिशेब वेगळ्या डेटाबेसमध्ये. दोन्हींचा बॅकअप एकाच वेळचा हवा. नुसत्या फाइली म्हणजे पानं सुटलेली पोथी, आणि नुसता डेटाबेस म्हणजे पानं नसलेली अनुक्रमणिका. वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडला नाही तर तो बॅकअप नव्हता.

जुनं व्हर्जन परत हवं असेल तर ‘रोलबॅक’ करायचं ना?

थांबा. सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये ‘गेट’ आणि ‘रोलबॅक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गेट’ केलं की जुन्या व्हर्जनची प्रत तुमच्या संगणकावर पाहायला येते, इतिहास जागेवर राहतो. ‘रोलबॅक’ केलं की त्यानंतरची सगळी व्हर्जनं कायमची जातात. नव्या माणसाला रोलबॅकचा अधिकारच देऊ नका.

जुन्या मॉडेलची कॉपी करून नवं बनवताना काय सांभाळायचं?

तीन गोष्टी जुन्याच्या चिकटून येतात: आतला पार्ट नंबर, रिव्हिजन टेबल, आणि ड्रॉइंगची जोडणी. नुसतं ‘सेव्ह ॲज’ केलं की ड्रॉइंग जुन्याच मॉडेलकडे बघत राहतं. तुम्ही नव्या भागाचं माप बदलता आणि ड्रॉइंगवर काहीच हलत नाही. ‘कॉपी ट्री’ किंवा ‘पॅक अँड गो’ वापरा, दोन्ही फाइली जोडीनं नव्या नावानं जातात. नव्या भागाची रिव्हिजन परत सुरुवातीपासून. शिवाय एकाच नावाच्या दोन फाइली पीडीएमच्या साठ्यात येऊच नयेत अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

सरकारी तपासणीला यंत्र पाठवायचं आहे. त्याआधी काही?

यंत्र ट्रकमध्ये चढलं त्या दिवशीची अख्खी यादी, प्रत्येक भागाचा नंबर आणि रिव्हिजनसह, पीडीएफ काढून वेगळी जपून ठेवा. अनुदानावर विकायचं यंत्र आणि तपासणी अहवालातलं वर्णन जुळलं पाहिजे. अहवाल येईपर्यंत तुम्ही पन्नास बारीक बदल केलेले असता, आणि मग ‘तपासणीला गेलेलं यंत्र नेमकं कोणतं होतं’ हे आठवणीवर सांगायची वेळ येते.

वडिलांच्या काळातली शेकडो ड्रॉइंगं कागदावर आहेत. सगळ्यांना नवे नंबर देऊ?

नको, वर्ष जाईल आणि धंदा बसेल. ज्या भागाची पुढची ऑर्डर येईल, तो त्या दिवशी नव्या पद्धतीत आणा. कार्डावर ‘जुना नंबर’ असा रकाना ठेवा, कारण गिऱ्हाईक जुनाच सांगणार. ज्याची ऑर्डर पाच वर्षांत आली नाही, तो कागदावरच सुखी आहे.

चुकून घेतलेला किंवा रद्द झालेला नंबर पुन्हा वापरावा का?

नाही. मालिकेत भोकं राहिली तर राहू द्या. तो नंबर कुणाच्या तरी बिलावर, कुणाच्या तरी फोनमध्ये, एखाद्या प्लेटवर कोरलेला असू शकतो. ‘रद्द’ लिहा, कारण लिहा, पुढचा घ्या.